पुरुष, ५६, एमबी, श्रेणी १: कुष्ठरोगाच्या नोंदवहीतली एक ओळ

पुरुष, वय ५६, एमबी, विकृती श्रेणी १, विलंब ३० महिने, संपर्कातील व्यक्ती ४.

माझ्या मामांच्या आजाराची सरकारी नोंद थोडक्यात सांगायची तर एवढीच. मामा पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत, कंडक्टर होते. कंपनीचं नाव २००७ मध्ये बदललं, पण त्यांच्या तोंडी अजून पीएमटीच आहे. २०१९ च्या जानेवारीत त्यांचे कुष्ठरोगाचे उपचार सुरू झाले आणि डिसेंबरात संपले. आज ते पूर्ण बरे आहेत. हे सगळं त्यांना विचारूनच लिहितेय. ते म्हणाले, "लिही. माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही."

कुष्ठरोगावर जे अभ्यास होतात ते बहुतेक अशाच ओळींच्या बेरजा असतात. अमुक दवाखान्यात इतक्या वर्षांत इतक्या जणांवर उपचार झाले, त्यात बायका किती, मुलं किती, हातापायांची विकृती कितींना, चट्टे किती. वाचायला रुक्ष वाटतं. पण यातला एकेक रकाना काय सांगतो ते कळलं की मागची माणसं दिसायला लागतात. मला ते मामांच्या ओळीवरून कळलं, म्हणून तीच ओळ उलगडून सांगते.

सुरुवात विलंबापासून करते, कारण बाकीचे बरेचसे रकाने त्याच्यामुळेच बरेवाईट ठरतात. पहिलं लक्षण दिसल्यापासून योग्य औषध सुरू होईपर्यंतचा काळ म्हणजे विलंब. मामांच्या बाबतीत तो अडीच वर्षांचा.

ती अडीच वर्षं गेली कशी? पाठीवर खांद्याच्या खाली फिकट, तांबूस झाक असलेला एक चट्टा आला. तो मामींना दिसला. शिबं असेल म्हणून मेडिकलमधून मलम आणलं. वर्षभराने चट्टे वाढले तेव्हा गजकर्णाचं मलम झालं. खाज नाही, आग नाही, दुखणं तर नाहीच. सकाळी पहिल्या फेरीला डेपोत हजर व्हायचं असतं, अशा माणसाने न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी रजा का काढावी? मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर वाटू लागलं. सुट्टे पैसे बोटांतून निसटायचे. एका डॉक्टरांनी मानेचा मणका सांगितला, मामांनी तीन महिने गळ्यात पट्टा घातला. एके दिवशी ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या बॉनेटवर हात टेकून ते बराच वेळ बोलत उभे होते. घरी जेवायला बसल्यावर मामींना त्यांच्या करंगळीच्या कडेला भलामोठा फोड दिसला. मामांना त्याचा पत्ताच नव्हता.

फोड आला आणि कळलं नाही, यातच सगळा आजार आहे. कुष्ठरोग त्वचेवर दिसतो, पण त्याचं खरं भांडण नसांशी आहे. नसा म्हणजे इथे रक्तवाहिन्या नव्हेत, स्पर्श आणि हालचालीचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंना मी नसा म्हणतेय. बोलीत आपण दोन्हींना नसच म्हणतो.

या आजाराचा जंतू क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातला. नॉर्वेतल्या बर्गन शहरात डॉ. हॅन्सन यांनी तो १८७३ मध्ये पाहिला. माणसात रोग घडवणारा जंतू म्हणून सर्वांत आधी ओळखल्या गेलेल्या जंतूंपैकी हा एक. तरी आजवर तो प्रयोगशाळेतल्या बशीत कुणालाही वाढवता आलेला नाही. त्याला जिवंत पेशीच लागते, तीही थंडसर जागची. म्हणून तो नाक, कानाची पाळी, हातपाय, त्वचा आणि त्वचेलगतच्या नसा पकडतो. काखेसारख्या उबदार जागा सहसा सोडतो. कोपर दारावर आपटलं की हातात झिणझिण्या येतात ना, तीच नस हाडावर अगदी उघड्यासारखी असते. तिथे हा जंतू हमखास बसतो. ती नस बिघडली की करंगळी आणि अनामिका बधिर होतात, पुढे वाकतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली तर पाऊल लोंबतं, घोट्याच्या आतली गेली तर तळवा बधिर होतो, चेहऱ्याची गेली तर पापणी पूर्ण मिटत नाही.

आणि तो कमालीचा संथ आहे. बरेचसे जंतू तासाभरात दुप्पट होतात, याला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. त्यामुळे लागण झाल्यापासून पहिलं लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीस किंवा त्याहूनही जास्त. "मला हे कुणाकडून लागलं?" हा मामांचा पहिला प्रश्न होता. त्याला उत्तर मिळणं जवळजवळ अशक्य असतं. उपचार न घेतलेल्या, अंगात भरपूर जंतू असलेल्या माणसाच्या नाकातोंडातल्या तुषारांतून, दीर्घकाळच्या जवळच्या सहवासात हा पसरतो, एवढंच सांगता येतं. शेजारी बसल्याने, हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. शंभरातल्या ९५ हून अधिक लोकांच्या शरीरात या जंतूला परतवण्याची ताकद उपजतच असते.

आता "एमबी". शरीर जंतूला चांगलं तोंड देतं तेव्हा चट्टे मोजके येतात, एक ते पाच. त्याला पीबी, म्हणजे अल्पजीवाणू प्रकार म्हणतात. सहा किंवा जास्त चट्टे, एकाहून जास्त नसा बाधित, किंवा कानाच्या पाळीतून वगैरे घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडले, तर एमबी, म्हणजे बहुजीवाणू. मामांच्या पाठीवर आणि मांडीवर मिळून सात चट्टे निघाले. चट्टे मोजून प्रकार ठरवणं फार ढोबळ वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण ही पद्धत मुद्दामच अशी सोपी ठेवली आहे. जिथे सूक्ष्मदर्शक नाही, तिथल्या आरोग्यसेवकालाही योग्य औषध देता यावं म्हणून.

निदानही तितकंच साधं. मामांना डोळे मिटायला सांगितलं, बॉलपेनच्या टोकाने अंगावर हलकेच ठिकठिकाणी स्पर्श केला आणि विचारलं, कुठे लागलं ते बोटाने दाखवा. चट्ट्यावर स्पर्श झाला तेव्हा मामा गप्प. मग डॉक्टरांनी कोपरामागे बोटं फिरवून नस चाचपली. ती दोरीसारखी जाड लागत होती. झालं. दहा मिनिटांत, कसल्याही यंत्राशिवाय. अडीच वर्षं आणि दहा मिनिटं, या हिशोबाचा मला आजही फार त्रास होतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. आपल्याकडे कोड आणि कुष्ठ यांची अजून सरमिसळ होते, आणि त्यात कोड असलेल्या मुलींची लग्नं मोडतात. कोडाचा डाग दुधासारखा पांढराफेक असतो, कधी त्यावरचे केसही पांढरे होतात, पण स्पर्श नीट कळतो. कुष्ठाचा चट्टा कधीच पूर्ण पांढरा नसतो. तो फिकट किंवा लालसर, बऱ्याचदा कोरडा, घाम न येणारा, केस विरळ झालेला आणि बधिर असतो. कोड हा संसर्गच नाही. दोन्हींत काही नातं नाही.

"श्रेणी १" हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. श्रेणी शून्य म्हणजे हातापायांत बधिरपणाही नाही आणि विकृतीही नाही. श्रेणी एक म्हणजे बधिरपणा आहे, पण डोळ्यांना दिसणारं काही नाही. श्रेणी दोन म्हणजे वाकडी बोटं, जखमा, लोंबतं पाऊल, न मिटणारी पापणी. एखाद्या जिल्ह्यात नव्याने सापडणाऱ्यांत श्रेणी दोनचे लोक जास्त असतील तर तिथे आजार उशिरा पकडला जातोय, असा त्याचा सरळ अर्थ. श्रेणी दोनचा प्रत्येक माणूस कुठल्या तरी पेन टेकवायच्या दहा मिनिटांना मुकलेला असतो.

बोटं "झडतात" हा समज मात्र चुकीचा. बधिर बोटाला चटका बसतो, खिळा लागतो, चप्पल चावते, कळत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, हाड हळूहळू विरघळून आखूड होतं. वेदना हा शरीराचा राखणदार आहे, तो निघून गेला की असं होतं. म्हणून गेलेल्या संवेदनेची जागा सवयीने भरून काढावी लागते. मामा रोज रात्री हातपाय पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवतात, कडक झालेली कातडी हळुवार घासतात आणि ओलसर असतानाच खोबरेल लावतात. चहाचा पेला फडक्याने धरतात. पायांची संवेदना गेलेल्यांना मऊ तळाच्या एमसीआर चपला मिळतात. वाकलेली बोटं शस्त्रक्रियेने सरळ करता येतात, दुसऱ्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, वळवून. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस या शस्त्रक्रियांचा पाया घातला.

औषधांचं सांगते. एके काळी कडू कवठाच्या बियांचं तेल टोचत. मग १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं आणि लोक ते वर्षानुवर्षं, कित्येक जण जन्मभर घेत राहिले. एकटं औषध इतकी वर्षं दिल्यावर जंतू त्याला दाद देईनासे झाले. म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली, तीच एमडीटी: रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. एमबीला वर्षभर, पीबीला सहा महिने. गोळ्या फुकट मिळतात. महिन्याभराचं एक पाकीट असतं, त्यातल्या पहिल्या दिवसाच्या गोळ्या दवाखान्यात समोर घ्यायच्या, बाकी घरी. रिफाम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेने काही दिवसांत ९९ टक्क्यांहून अधिक जंतू मरतात. म्हणजे औषध सुरू केलेल्या माणसापासून लोक दूर पळतात तेव्हा पळण्याचं कारणच उरलेलं नसतं.

गोळ्यांबद्दल आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. महिन्याच्या मोठ्या मात्रेनंतर लघवी लाल होते, ते रक्त नसतं. क्लोफाझिमिनने त्वचा काळवंडते. मामांना नातेवाईक विचारायचे, रूट बदलला का, उन्हात फार फिरता वाटतं? औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग परत आला. डॅप्सोनने मात्र क्वचित ताप आणि अंगभर पुरळ येतं, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. तसं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

यापेक्षा अवघड आहे ती प्रतिक्रिया. पाचव्या महिन्यात मामांचे चट्टे अचानक लालबुंद होऊन सुजले आणि कोपर ठणकायला लागलं. मामी म्हणाल्या, औषधानेच वाढवलं, बंद करा. पुष्कळ जण नेमके इथे उपचार सोडतात. खरं काय होतं? शरीराची प्रतिकारशक्ती जागी होऊन नसेत दडलेल्या जंतूंवर आणि त्यांच्या अवशेषांवर तुटून पडते. मारामारी नसेच्या आत चालते आणि नस सुजून दबते. हे दिवस-आठवड्यांत नस कायमची निकामी करू शकतं. उपाय स्टिरॉइडचा, प्रेडनिसोलोनच्या मोठ्या मात्रेपासून हळूहळू उतरत काही महिने, आणि एमडीटी चालूच ठेवायची. मामांना हे आदल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं म्हणून ते दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. दुसऱ्या एका प्रकारच्या प्रतिक्रियेत ताप येऊन अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात. अशा प्रतिक्रिया गोळ्यांचा कोर्स संपल्यावरही येऊ शकतात, म्हणून "कोर्स झाला, आता दवाखाना संपला" असं समजू नये.

"पुरुष" आणि "५६" हे रकाने एकट्यादुकट्याच्या बाबतीत काही सांगत नाहीत, शेकड्याने जमवले की बोलतात. जगात नव्या रुग्णांत साधारण दहातले सहा पुरुष असतात. पुरुषांना आजार खरंच जास्त होतो, की बाईची पाठ आणि मांडी कुणी तपासतच नाही? दोन्ही कारणं पुढे केली जातात, आणि जिथे बायकांचा आकडा फारच खाली असतो तिथे मला दुसरं आधी आठवतं. घरोघरच्या शोध मोहिमेत आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक अशी जोडी पाठवतात ती याचसाठी. मुलांचा रकाना त्याहून बोलका. जंतू इतका संथ असताना आठ-दहा वर्षांच्या मुलाला चट्टा आला, तर लागण अलीकडची आहे आणि आसपास उपचाराविना कुणीतरी आहे. याउलट आजार ओसरायला लागला की नवे रुग्ण वयस्क होत जातात, कारण ते फार पूर्वीच्या लागणीचे असतात. नॉर्वेतून कुष्ठरोग जात असताना तिथल्या नोंदींत नेमकं हेच दिसलं होतं.

मग एवढं सगळं असताना "भारतातून कुष्ठरोग गेला" असं आपण ऐकलं ते काय होतं? डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं. मराठीत त्याला निर्मूलन म्हटलं गेलं आणि लोकांनी त्याचा अर्थ मुळासकट गेला असा घेतला. उद्दिष्ट तसं नव्हतंच. त्या आकड्यात उपचार चालू असलेले लोक मोजतात. हे मी मामांना त्यांच्याच भाषेत सांगितलं: बसमध्ये एका वेळी किती लोक बसलेत हा एक आकडा, दिवसभरात किती लोक चढले हा दुसरा. रूट अर्धा केला की चढणारे तितकेच असूनही बस रिकामी दिसते. एमबीचा उपचार आधी २४ महिन्यांचा होता, १९९७ मध्ये तज्ज्ञांनी तो १२ महिन्यांवर आणायला सांगितलं. उपचार निम्म्या काळात पुरेसा होतो ही रुग्णांसाठी उत्तमच गोष्ट, पण तेवढ्याने नोंदवहीतल्या बसमधली गर्दीही कमी झाली. चढणारे आजही आहेत. जगात वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, त्यातले निम्म्याहून जास्त भारतात.

पुण्याचे आकडे वाचताना आणखी एक भान हवं. महाराष्ट्रात हा आजार गडचिरोली, चंद्रपूर, पालघर, नंदुरबारकडे जास्त आहे. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यांत बाहेरगावचे, इमारतींच्या कामावर आलेले, आणि प्रतिक्रिया किंवा जखमांनी गुंतागुंत झालेले लोक येतात. कोंढव्याचं डॉ. बंदोरवाला कुष्ठरोग रुग्णालय असो की ससूनचा त्वचारोग विभाग, तिथल्या रुग्णांची टक्केवारी म्हणजे पुणे शहराची टक्केवारी नव्हे. दवाखान्यातली मोजणी दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचीच असते. बाहेर मलम लावत बसलेले मामा तिच्यात नसतात.

आणि न पोचण्याला आपण जबाबदार आहोत, हे मला स्पष्टच म्हणायचं आहे. मामींनी गोळ्यांचं पाकीट वर्षभर बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. त्यांच्या लहानपणी या आजाराला महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत, आणि तो झालेला माणूस गावाबाहेर असे. कायदाही तसाच होता. रुग्णांना समाजापासून वेगळं ठेवणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहू नये ही दुरुस्ती थेट २०१९ ची, म्हणजे मामा गोळ्या घेत होते त्याच वर्षीची. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी कैदेत असताना परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडितही तिथे कैदी होते. त्यांना कुष्ठरोग होता म्हणून वेगळं ठेवलं होतं. पुढे १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या, मालिश केलं. तेव्हा जंतू मारणारं औषध नव्हतं. आज ते फुकट मिळतं आणि तरी डबा लपवावा लागतो.

शेवटचा रकाना, "संपर्कातील व्यक्ती ४". मामी, त्यांचा मुलगा, सून, नातू. चौघांची त्वचा आणि नसा तपासल्या, कुणालाही काही नव्हतं. रुग्णाच्या जवळच्या माणसांना रिफाम्पिसिनची एकच मात्रा दिली तर पुढच्या दोन वर्षांत आजार होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं, असं बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. त्यावरून आपल्याकडेही ती देतात. आधी क्षयरोगाची लक्षणं नाहीत ना, हे पाहतात, कारण तेच औषध क्षयरोगावर चालतं आणि एकटी मात्रा तिथे नुकसान करू शकते. मामी, मुलगा आणि सुनेने गोळ्या त्याच दिवशी आरोग्यसेविकेसमोर घेतल्या. दोन वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत, आणि नातवाला दोन पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते. मामींनी घरी येऊन कालनिर्णयची पानं उलटली आणि मे महिन्यातल्या त्या तारखेभोवती लाल पेनाने गोल काढला.